‘रेंज’ जाते, तेव्हा सगळ्यांचीच का जाते?

चिपळूणला आमची एक मावसबहीण राहते. २२ जुलै २०२१ रोजी पहाटे वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि बघता बघता कित्येक घरांच्या पहिल्या मजल्याला भिडले, त्या दिवशी तिच्या घरात तीन मोबाइल फोन होते. तिन्हींत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे. हा योगायोग नव्हता. मुलगा हिशेबी, ‘एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असेल, दुसऱ्याचीही गेली तर तिसऱ्याची’, असे त्याचे साधे गणित. पण त्या सकाळी आधी वीज गेली आणि मग थोड्या थोड्या अंतराने तिन्ही फोन मुके झाले. इकडे पुण्यात आम्ही तिन्ही नंबर आळीपाळीने लावत बसलो होतो. ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचे सांगणारा तो यांत्रिक आवाज दोन दिवस घरात घुमत होता. तिसऱ्या दिवशी मुलगा चिखल तुडवत गावाबाहेरच्या चढावर गेला, तेव्हा कुठे ‘सगळे सुखरूप आहोत’ हे तीन शब्द आमच्यापर्यंत पोचले.

मुलाचे गणित चुकले नव्हते. त्याने गृहीत धरलेली एक गोष्ट मात्र चुकली होती. तिन्ही फोन एकदम जाणार नाहीत, असे तो धरून चालला होता. पूर ओसरल्यावर त्याला सहज सुचले म्हणून तो बघायला गेला. ज्या टॉवरकडून घरात रेंज येत होती तो एकच होता. तिन्ही कंपन्यांच्या पेट्या त्याच एका सांगाड्यावर, वरखाली टांगलेल्या. त्यांना वीज एकाच तारेतून मिळत होती आणि ती तार पाण्यात होती. कार्डे तीन, आधार एक!

आपल्या देशातील दूरसंचाराविषयी बोलताना आपण टॉवर किती, कंपन्या किती, ग्राहक किती यांचे आकडे मांडतो. हे आधार एकमेकांपासून कितपत स्वतंत्र आहेत, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. गंमत म्हणजे बिनतारी संदेशवहनाच्या अभियंत्यांना हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच पडला होता. त्यांनी त्याचे उत्तर शोधले, त्याचे माप बसवले, आणि ते उत्तर आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये काम करीत आहे. ते नीट समजून घेतले तर चिपळूणला काय घडले आणि उद्या ते टाळण्यासाठी काय करायला हवे, हे दोन्ही उलगडते.

विरणारा आवाज

ज्यांनी रेडिओ सिलोन ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बुधवारची रात्र, अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’, आणि शेवटच्या पायदानावर कोणते गाणे आहे हे सांगण्याचा क्षण. नेमका त्याच क्षणी आवाज लांब लांब जायचा, जणू कोणी रेडिओ उचलून विहिरीत सोडला आहे, आणि नाव सांगून झाले की पुन्हा खणखणीत व्हायचा. वडील रेडिओ फिरवायचे, आम्ही भिंतीवरची तांब्याच्या जाळीची एरियल धरून उभे राहायचो. रेडिओत काही बिघाड नसे. बिघाड असलाच तर तो आभाळात असे.

शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन आपल्याकडे येतात. त्या एकाच वाटेने येत नाहीत. कोणी एकदा आपटून येते, कोणी दोनदा, कोणी थोड्या वरच्या थरावरून. वाटांची लांबी वेगळी, म्हणून पोचण्याची वेळही किंचित वेगळी. एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर बसला तर आवाज वाढतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. वरचे थर सतत हलत असल्यामुळे हे जुळणे-बिनसणे क्षणाक्षणाला बदलत राहते. यालाच ‘फेडिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘विरणे’ म्हणू.

गाणे विरले तर फार तर हळहळ वाटते. पण तारायंत्राचा व्यापारी संदेश विरला तर भाव चुकतो, सौदा बुडतो. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली बिनतारी तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. जगभर अशी केंद्रे उभी राहत होती आणि सगळीकडे डोकेदुखी एकच होती.

उपाय निघाला तो अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे. आरसीए कंपनीच्या तेथील ग्रहण केंद्रात हॅरॉल्ड बेव्हरेज आणि एच. ओ. पीटरसन काम करीत होते. एका एरियलवर संदेश विरतो, त्याच क्षणी बऱ्याच अंतरावरच्या दुसऱ्या एरियलवर तो अनेकदा शाबूत असतो, या निरीक्षणावर त्यांची पद्धत उभी होती. त्यांनी एकमेकींपासून दूर अशा एरियल उभारल्या आणि सर्वांचा आवाज एकत्र आणला. एक गप्प झाली की दुसरी बोलत असे. १९३१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘डायव्हर्सिटी रिसेप्शन’ या नावाने ती पुढे रूढ झाली. आपल्या भाषेत म्हणायचे तर बहुविध ग्रहण.

या निरीक्षणाचे मर्म ‘एरियल जास्त’ या शब्दांत नाही. ते ‘एकमेकींपासून दूर’ या शब्दांत आहे. दोन एरियल एकाच खांबाला शेजारी शेजारी बांधल्या असत्या तर दोन्ही एकाच वेळी विरल्या असत्या आणि खर्च मात्र दुप्पट झाला असता.

वीतभर अंतराची किंमत

मोबाइलमध्येही हेच घडते. फक्त आभाळाच्या थरांची जागा इमारती, वाहने आणि झाडे घेतात. टॉवरकडून निघालेली लहर समोरच्या सोसायटीवर आपटते, बसच्या पत्र्यावर आपटते, खिडकीच्या गजांना वळसा घालते आणि अनेक तुकड्यांनी तुमच्या फोनपर्यंत येते. त्यामुळे तुमच्या दिवाणखान्यात अदृश्य असे उंचवटे आणि खड्डे पसरलेले असतात. नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तिच्या निम्म्या अंतराने, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, सरकले तरी खड्ड्यातून उंचवट्यावर येता येते. बोलता बोलता आवाज तुटला की आपण नकळत मान वळवतो, दोन पावले सरकतो. आपण तेव्हा स्वतःच्या पायांनी बहुविध ग्रहण करीत असतो! ‘फाइव्ह जी’साठी वापरल्या जाणाऱ्या साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची लांबी तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. तिथे दोन-तीन बोटांनी काम भागते.

आजच्या फोनमध्ये हे सरकणे आपल्यावर सोडलेले नाही. फोर जी फोनमध्ये निदान दोन ग्राहक अँटेना असतात, फाइव्ह जीच्या कित्येक फोनमध्ये चार. त्या शक्यतो दूर, एक वरच्या कडेला तर दुसरी खालच्या, अशा बसवलेल्या असतात. त्यांनी पकडलेले संदेश एकत्र कसे करायचे, याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. १९५९ मध्ये डी. जी. ब्रेनन यांनी एका गाजलेल्या लेखात त्यांची पद्धतशीर तुलना केली. पहिली पद्धत निवडीची. जिचा आवाज सर्वांत स्पष्ट तिचेच ऐकायचे. दुसरी समानतेची. सर्वांचे तालात आणून सारख्याच वजनाने जोडायचे. तिसरी आणि सर्वांत सरस पद्धत पारखीची. जी स्पष्ट बोलते आहे तिला जास्त वजन, जी पुटपुटते आहे तिला कमी. पण पुटपुटणारीलाही वाऱ्यावर सोडायचे नाही. घरातली जाणती बाई लग्नघरची बातमी चार नातेवाइकांकडून ऐकून जशी खरी हकीकत जुळवते, तसेच हे.

पण चारही नातेवाइकांनी ती बातमी एकाच शेजारणीकडून ऐकली असेल तर? मग चौघांना विचारून काय उपयोग? इथेच तो खरा प्रश्न उभा राहतो.

सगळे एकदम कधी बुडतात?

दोन अँटेनांचे चढउतार कितपत एकत्र होतात, याला ‘सहसंबंध’ म्हणतात. शून्य सहसंबंध म्हणजे दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक म्हणजे दोघी जुळ्या बहिणींसारख्या, एक रडली की दुसरी रडणारच. आता थोडा हिशेब करू. सविस्तर गणितात शिरायची गरज नाही, आकडे बोलके आहेत.

थेट टॉवर दिसत नसलेल्या दाट वस्तीत, सरासरीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही खाली संदेश जाण्याचा प्रसंग साधारण शंभर क्षणांत एकदा येतो. दोन पूर्ण स्वतंत्र अँटेना असतील आणि बरी असेल ती निवडायची असेल, तर दोन्ही एकाच वेळी बुडण्याचा प्रसंग दहा हजार क्षणांत एकदाच. शंभरपट सुधारणा! पण दोघी जुळ्या असतील तर पुन्हा शंभरात एकदा. दुसरी अँटेना असून नसल्यासारखी.

आणि मधल्या अवस्थेत? इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. सहसंबंध निम्मा, म्हणजे ०.५ असला, तर दहा हजारांत एकच्या ऐवजी सुमारे दोन प्रसंग येतात. ०.७ असला तर तीन-साडेतीन. ०.९ असला तर सुमारे दहा. म्हणजे निम्म्या सहसंबंधाने जवळजवळ काहीच बिघडत नाही. नुकसान एकवटलेले आहे ते शेवटच्या टप्प्यात, जिथे दोन वाटा नावापुरत्या दोन राहतात. म्हणूनच ०.७ पर्यंतचा सहसंबंध चालवून घ्यायचा, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. संपूर्ण स्वातंत्र्य मिळणे कठीण आणि खर्चिक. पण त्याची गरजही नसते. फक्त जुळेपणा मोडायला हवा. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

हा जुळेपणा नजरेला दिसत नाही, ही त्यातली मेख आहे. फोनला वीतभर अंतर पुरते. पण टॉवरवर तेवढेच अंतर ठेवून दोन अँटेना बसवल्या तर त्या जवळजवळ जुळ्याच ठरतात. कारण बाजारात गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला चहूबाजूंनी आवाज येतात, एक पाऊल सरकला तरी ऐकू येणारा गलका बदलतो. तोच माणूस टेकडीवर गेला की सारा बाजार एकाच दिशेने ऐकू येतो. चार पावले इकडे काय किंवा तिकडे काय, आवाज तोच. टॉवर म्हणजे ती टेकडी. म्हणून जुन्या टॉवरांवर ग्राहक अँटेनांच्या जोड्या काही मीटर अंतर राखून बसवीत. आज तेवढी जागा परवडत नाही. मग एकाच उभ्या पेटीत दोन अँटेना तिरप्या, एकमेकींना काटकोनात ठेवतात. अंतराऐवजी दिशेने वेगळेपणा आणतात. पेटी एक दिसली तरी आत वाटा दोन असतात. चिपळूणच्या टॉवरवर याच्या बरोबर उलटे होते. पेट्या पुष्कळ, पण खाली वाट एक.

गर्दीचा फायदा

या विषयाचे पुण्याशी नाते खडकी-दौंडपाशी संपत नाही. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण सेंट व्हिन्सेंट्समध्ये. १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी दूरसंचाराची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत एमआयटीत डॉक्टरेट मिळवली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. संदेशांतून गोंगाट वेगळा काढण्याच्या शास्त्रात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. भारत सरकारने २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले.

स्टॅनफर्डमध्ये त्यांच्याबरोबर काम करायला आलेले आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलातले अधिकारी. नौदलासाठी ‘अप्सोह’ ही सोनार यंत्रणा उभारण्याच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले होते. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या माणसाने हवेतल्या लहरींकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तोवर अनेक वाटांनी येणाऱ्या लहरी हे एक संकट मानले जात होते. पण प्रक्षेपण करणाऱ्याकडेही अनेक अँटेना असतील आणि ग्रहण करणाऱ्याकडेही, तर या वेगवेगळ्या वाटांवरून एकाच वेळी वेगवेगळा मजकूर पाठवता येईल, ही कल्पना त्यांनी पुढे आणली. पॉलराज आणि कैलाथ यांच्या नावाने तिचे अमेरिकन पेटंट १९९४ मध्ये मंजूर झाले. ‘मायमो’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज घरातल्या वायफायपासून फाइव्ह जीपर्यंत सर्वत्र आहे.

पण हे तंत्रही त्याच एका अटीवर चालते. वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. ओसाड माळावर, समोर फक्त एक टॉवर आणि मध्ये काहीच नाही, अशा ठिकाणी सगळ्या अँटेनांना एकच गोष्ट ऐकू येते आणि चार अँटेनांचे बळ झपाट्याने घटते. ज्या इमारती, ज्या भिंती लहरींना तोडतात, त्याच त्यांना वेगळेपणही देतात. अडथळ्यांनी भरलेले शहर या बाबतीत मोकळ्या मैदानापेक्षा श्रीमंत असते.

वीत, गल्ली, जिल्हा

आतापर्यंत आपण वीतभर अंतराच्या खड्ड्यांविषयी बोललो. पण विरण्याच्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी पडछायेची. तुमच्या आणि टॉवरच्या मध्ये उंच इमारत आली, डोंगर आला, की फोनमधल्या चारही अँटेना त्या सावलीत एकदमच जातात. आता त्या कितीही हुशारीने बसवलेल्या असोत, उपयोग नाही. इथे वीतभर अंतर पुरत नाही; दुसऱ्या बाजूला, वेगळ्या गल्लीत दुसरा टॉवर लागतो, म्हणजे एकाच्या सावलीतली जागा दुसऱ्याच्या उजेडात येईल.

तिसरी पायरी आपत्तीची. तिथे टॉवरच जातात, आणि एक नव्हे, तालुकाभर जातात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत फोन दिवसेंदिवस लागत नव्हते. मुंबईत नोकरी करणारी मुले आईवडिलांची खुशाली कळावी म्हणून तळमळत होती. पुढच्याच वर्षी चिपळूण. टॉवरचा सांगाडा शाबूत राहिला तरी वीज जाते, बॅटरी काही तासांत संपते, डिझेल घेऊन येणारी गाडी रस्ता खचल्यामुळे अडकते, आणि त्याच रस्त्याच्या कडेने गेलेली फायबरची तार तुटलेली असते. या पायरीवर वेगळेपणाचे अंतर गल्लीचेही पुरत नाही. ते जिल्ह्याएवढे किंवा पूर्णपणे वेगळ्या जातीचे असावे लागते.

सूत्र एकच. संकट जेवढे विस्तीर्ण, तेवढे वाटांमधले अंतर मोठे हवे. आपली गल्लत इथे होते. वीतभर संकटावरचा उपाय आपण जिल्हाभर संकटासाठी पुरेसा मानतो.

आणि हे फक्त कोकणात किंवा फक्त गरीब देशांत घडते असे नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या बड्या कंपनीचे जाळे अंतर्गत बदल करताना कोसळले. ना वादळ, ना पूर. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहक अडकले. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, देशभरातले डेबिट कार्डाचे व्यवहारही थंडावले, कारण ते हाताळणारी संस्था याच कंपनीच्या जाळ्यावर विसंबून होती. दुकानात रोकड नसलेला ग्राहक आणि फोन न लागणारा ग्राहक एकाच कारणाने अडला होता. त्यानंतर सरकारच्या आग्रहावरून तिथल्या कंपन्यांनी संकटकाळी एकमेकींच्या ग्राहकांना सामावून घेण्याचा करार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केला.

आपल्याकडे मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय अडखळली, तेव्हा कित्येकांनी एक ॲप चालेना म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. तिन्ही ॲप एकाच रुळांवरून धावणाऱ्या गाड्या आहेत, हे त्या दिवशी भाजीवाल्यासमोर उभे राहून समजले.

मोजायचे काय?

टॉवर वाटून घेणे हा काही गुन्हा नव्हे, हे आधी मान्य करायला हवे. प्रत्येक कंपनीने प्रत्येक डोंगरावर आपापला सांगाडा उभारायचा म्हटले असते, तर भारतात मोबाइल इतका स्वस्त आणि इतका दूरवर पोचलाच नसता. सामायिक टॉवरमुळे दुर्गम वाड्यांपर्यंत रेंज गेली. पण बचतीच्या या वाटेवर वेगळेपण नकळत कमी होत गेले, आणि ते कोणाच्याच हिशेबवहीत नोंदले गेले नाही.

जुने सोडतानाही तेच झाले. पूर्वीचा काळा टेलिफोन घरातली वीज गेली तरी चालत असे, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून त्याच तांब्याच्या तारेतून मिळे. आज फायबरवरचा घरचा फोन राउटरबरोबर मान टाकतो. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यांच्या जाण्याचे अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्यांचे दोष आम्हीही भोगले आहेत. पण प्रत्येक जुनी वाट बंद होताना ‘हिच्यासारखी, वेगळ्या कारणाने बंद पडणारी दुसरी वाट आपल्याकडे आहे का?’ एवढे तरी विचारायला हवे होते.

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘डिजिटल भारत निधी’तून उभारलेल्या सुमारे २७ हजार फोर जी टॉवरांवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याची सोय सुरू केली. पूर-वादळांच्या वेळी इतरत्रही अशी सोय तात्पुरती सुरू करण्याचे आदेश दूरसंचार विभागाने दिले आहेत. हे बहुविध ग्रहणच आहे, फक्त कायद्याने आणलेले. एक टॉवर गेला तर दुसऱ्या कंपनीचा हात धरायचा. पण दुसऱ्याचा टॉवरही त्याच सांगाड्यावर, त्याच तारेवर असेल तर धरायचा तो हात कुठला? २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकदम कर्कश भोंगा वाजून आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली. चांगली सोय आहे. पण तो इशारा येणार याच टॉवरांवरून. ते पडण्याआधी आला तरच.

मग करायचे काय? इथे तो मघाचा ०.९ आणि ०.५ चा हिशेब आठवावा. टॉवरच्या बाबतीत तेच आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण धडा लागू पडतो. सगळेच टॉवर सुटे करण्याची, सगळ्या तारा दुहेरी टाकण्याची गरज नाही. फक्त जुळेपणा मोडायचा. प्रत्येक तालुक्यात पूररेषेच्या वर असलेले मोजके टॉवर निवडावेत. त्यांना दिवसभर पुरतील अशा बॅटऱ्या आणि सौर तावदाने द्यावीत. त्यांचा दुवा रस्त्याकडेच्या फायबरबरोबरच डोंगरावरून डोंगरावर जाणाऱ्या बिनतारी मार्गानेही जोडावा. रुग्णालय, तहसील कचेरी आणि पोलीस ठाणे यांच्यासाठी उपग्रहाची वाट राखून ठेवावी. हौशी बिनतारी चालकांना, ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो, जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात नुसते नावापुरते नव्हे तर सरावात सामील करून घ्यावे. १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची अंदमानातली त्सुनामी, तिन्ही वेळा निरोप पोचवण्यात या मंडळींचा मोठा हात होता, कारण त्यांचा संच कोणाच्याच टॉवरवर अवलंबून नव्हता.

आणि घरी? दुसऱ्या कंपनीचे कार्ड जरूर घ्यावे. मात्र घेण्याआधी गच्चीवर जाऊन दोघांचे टॉवर वेगळे आहेत का, हे एकदा विचारावे. सेलवर चालणारा एक रेडिओ, कागदावर लिहिलेले दहा फोन नंबर आणि कपाटात थोडी रोकड, या जुन्या काळच्या वस्तू वाटतील. पण विजेच्या तारेशी त्यांचा काही संबंध नाही, हाच त्यांचा मोठा गुण. शिवाय संपर्क तुटला तर कोणी कुठे जाऊन कोणाला निरोप द्यायचा, हे घरात आधीच ठरलेले असावे. त्यासाठी तर यंत्रही लागत नाही.

मावसबहिणीच्या मुलाने पुरानंतर तिसरे कार्ड बंद करून टाकले. त्या पैशात त्याने एक छोटा रेडिओ घेतला आणि कुटुंबाला सांगून ठेवले, की फोन गेले तर मी संध्याकाळपर्यंत चढावरच्या शाळेपाशी जाईन, तिथून निरोप देईन. तोवर धीर धरा. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला नंबरांचा कागद डकवलेला दिसला. खाली टॉवरची मोहोळासारखी लगडलेली पेटारी तशीच होती, वीजही त्याच तारेतून येत होती. ती तार वेगळी करणे मुलाच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे, त्यांना हा प्रश्न पुढच्या पावसाळ्याआधी विचारायला हवा.